दहा पावलांसाठी दोन तास चोवीस मिनिटं : 'सनराइज ॲट कॅम्पोबेलो'

फ्रँकलिन डेलानो रुझवेल्ट यांच्यावरचा सिनेमा म्हटलं की महामंदी, दुसरं महायुद्ध, याल्टा परिषद, लागोपाठ जिंकलेल्या चार निवडणुका असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. वॉर्नर ब्रदर्सच्या १९६० सालच्या या रंगीत सिनेमात त्यातलं काहीही नाही. ऑगस्ट १९२१ ते जून १९२४ एवढाच काळ. कॅम्पोबेलो बेटावरचं उन्हाळी घर, न्यू यॉर्कमधलं घर आणि शेवटी एक भलंमोठं सभागृह एवढ्याच जागा. घडतं काय, तर आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदाची निवडणूक हरलेला एकोणचाळीस वर्षांचा एक राजकारणी आजारी पडतो, त्याचे दोन्ही पाय जातात आणि तीन वर्षांनी तो कुबड्यांवर साधारण दहा पावलं चालत पोडियमपर्यंत पोचतो. १४४ मिनिटं खर्च होतात ती या दहा पावलांवर.

मूळ नाटक डोर शॅरीचं. ते ३० जानेवारी १९५८ रोजी, म्हणजे रुझवेल्ट यांच्या वाढदिवशी, ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे ५५६ प्रयोग झाले. सिनेमाची पटकथा आणि निर्मितीही शॅरीचीच. नाटक बसवणारा व्हिन्सेंट डोनेह्यू इथेही दिग्दर्शक आणि रंगमंचावर रुझवेल्ट साकारणारा राल्फ बेलामी इथेही नायक. सिनेमाचे गुण आणि दोष दोन्ही या वारशातून आलेत. माणसं खोलीत येतात, बोलतात, निघून जातात. कॅमेरा बराच वेळ प्रेक्षागृहातल्या चांगल्या खुर्चीत बसल्यासारखा स्थिर राहतो. ज्यांना हे सोसत नाही त्यांना पहिला पाऊण तास जड जाईल. पण लुळा पडलेला देह घेऊन रोजचं जगणं म्हणजे नेमकं काय, हे बघायचं असेल तर हा स्थिर कॅमेरा फायद्याचा ठरतो. माणूस खुर्चीतून उठायला जेवढा वेळ लावतो तेवढा वेळ तो आपल्याला बघत बसायला लावतो.

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. हा सिनेमा ज्यांच्यासाठी बनला त्यांना पोलिओ समजावून सांगायची गरज नव्हती. १९५२ सालच्या साथीत अमेरिकेत जवळपास ५८ हजार रुग्ण नोंदले गेले होते. साल्क लस यशस्वी झाल्याची घोषणा १९५५ सालची. म्हणजे १९६० च्या प्रेक्षकाने कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायांना बांधायचा पोलादी आधार, लावून शाळेत जाणारी मुलं पाहिलेली होती. गुडघ्यापाशी 'खट्' असा आवाज झाला की पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं. आजच्या प्रेक्षकाला ते ठाऊक नसतं, आणि मग सिनेमातले सर्वांत चांगले क्षण नुसतेच संथ वाटू लागतात. त्यामुळे थोडी तयारी करून बसलेलं बरं.

पहिली गोष्ट आजाराची. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. स्पर्शाच्या, वेदनेच्या वाटा शाबूत राहतात. पाय लुळे पडतात, बधिर होत नाहीत. उलट सुरुवातीच्या दिवसांत कातडी इतकी हुळहुळी होते की चादरीचं वजनही सहन होत नाही. पलंगावरच्या प्रसंगांत बेलामी पायाला हात लागताच दचकतो, ते अभिनयाचं प्रदर्शन नव्हे. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. पुढच्या महिन्यांत जी काही सुधारणा होते ती वाचलेल्या पेशींच्या आणि उरलेल्या स्नायूंच्या जोरावर. जे परत यायचं त्यातलं बहुतेक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत येतं. सिनेमातली 'पुढच्या वर्षी मी चालेन' ही आशा हे लक्षात ठेवून ऐकली तर वेगळीच ऐकू येते.

आजारपणाची सुरुवात सिनेमा सुटसुटीत ठेवतो; प्रत्यक्षात तो चांगलाच घोळ होता. १० ऑगस्ट १९२१ रोजी रुझवेल्ट मुलांबरोबर शिडाच्या होडीतून फिरले, वाटेत लागलेला वणवा विझवायला धावले, तळ्यात पोहले, फंडीच्या उपसागराच्या गार पाण्यात बुडी मारली आणि ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसले. संध्याकाळी हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी एक पाय, तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय. स्थानिक डॉक्टर बेनेट यांना ती साधी सर्दी वाटली. त्या भागात सुटीवर आलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे नामवंत सर्जन विल्यम कीन यांनी मज्जारज्जूत रक्ताची गुठळी झाल्याचं सांगितलं, पाय जोरजोरात चोळायला लावले आणि सहाशे डॉलरचं बिल पाठवलं. पोलिओच्या तीव्र अवस्थेत स्नायू असे रगडणं म्हणजे वेदना वाढवणं. अखेर २५ ऑगस्टला बॉस्टनहून आलेल्या डॉ. रॉबर्ट लव्हेट यांनी पोलिओचं निदान केलं आणि चोळणं ताबडतोब थांबवलं. २००३ साली काही संशोधकांनी हा आजार पोलिओ नसून गियाँ-बारे सिंड्रोम (मज्जातंतूंचा, लुळेपणा आणणारा दुसरा आजार) असावा असा मुद्दा मांडला. तो वाद चालू आहे. सिनेमाला त्याच्याशी अर्थातच घेणंदेणं नाही.

पटकथा हा घोळ चघळत बसत नाही, ते एकवेळ ठीक. पण एक गोष्ट तिने टाळली आणि ती टाळायला नको होती. पायांबरोबर मूत्राशयही काही दिवस निकामी झालं होतं. तज्ज्ञ परिचारिका येईपर्यंत कॅथेटर लावणं, एनिमा देणं, दर थोड्या वेळाने कूस बदलणं हे सगळं पत्नी एलिनॉर यांनी केलं, त्यांच्या जोडीला रुझवेल्ट यांचा राजकीय सल्लागार लुई हाउ. एलिनॉर त्या खोलीतच कोचावर झोपत. १९६० च्या हॉलिवूडमध्ये कॅथेटर पडद्यावर येणं शक्यच नव्हतं, हे मान्य. परिणाम मात्र असा की ग्रीर गार्सनची एलिनॉर उशी नीट करणारी, दाराशी उभी राहून काळजी करणारी बायको वाटते. अंगमेहनतीची शुश्रूषा करणारी बाई तिच्यात दिसत नाही.

बेटावरून निघण्याचा प्रसंग फार चांगला जमलाय. रुग्णाला स्ट्रेचरवरून होडीत, होडीतून गाडीत न्यायचं आणि पत्रकारांना तो धडधाकट वाटला पाहिजे, असा हाउचा बेत. वास्तवातही तेच झालं: १३ सप्टेंबरला ईस्टपोर्टला हाउने गर्दीला भलत्याच धक्क्याकडे वळवलं, तोवर रुझवेल्ट यांना सामानाच्या हातगाडीवरून आणून रेल्वेच्या डब्यात खिडकीतून आत घेतलं गेलं. लोक पोचले तेव्हा त्यांना खिडकीत हसरा चेहरा आणि तिरकस धरलेली सिगारेटची नळी दिसली. हा प्रसंग नीट बघा, कारण पुढची चोवीस वर्षं हीच युक्ती वेगवेगळ्या रूपांत वापरली गेली. शेवटच्या दहा पावलांचं बीजही इथेच आहे.

आता कॅलिपर. रुझवेल्ट यांना ते १९२२ च्या सुरुवातीला मिळाले. पायाच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खालचं टोक बुटात बसवलेलं, कमरेभोवती आणखी एक पट्टा, आणि गुडघ्यापाशी सांधा. हा सांधा सरळ करून अडकवला की पाय काठीसारखा ताठ. बसायचं असेल तर हाताने अडकण सोडवायची, मगच गुडघा वाकतो. उभं राहण्याचा क्रम असा: आधी खुर्चीच्या अगदी कडेला सरकायचं, मग हातांनी एकेक पाय उचलून समोर सरळ करायचा, दोन्ही गुडघे अडकवायचे, मग हातांच्या जोरावर, किंवा समोरच्याने दोन्ही हात धरून ओढल्यावर, टाचांवर टेकून अख्खं शरीर दारासारखं वर आणायचं. पायांची यात काहीच मदत नाही. सगळं काम खांदे, दंड आणि पाठ करतात. टाच पुढे घसरली तर माणूस पाठीवर आपटतो. अडकण पूर्ण बसली नसेल तर गुडघा दुमडतो आणि मग सावरायला वेळच मिळत नाही.

उभं राहिल्यावरचा धोका वेगळा. नितंबांचे स्नायू निकामी असल्यावर कंबर सरळ धरायला काहीच उरत नाही. त्यावर उपाय एकच: पोट पुढे काढून धड किंचित मागे झुकवायचं, म्हणजे शरीराचा भार जांघेच्या सांध्यामागून जातो आणि सांध्याच्या पुढच्या बळकट अस्थिबंधावर माणूस जणू टांगून उभा राहतो. धड चार बोटं पुढे झुकलं की चाकू मिटावा तसा तो कमरेत मिटतो. रुझवेल्ट यांच्या पोटाचे स्नायूही अशक्त होते, म्हणून त्यांना नेहमी हाताशी काहीतरी भक्कम लागायचं: मेज, कठडा, मुलाचा दंड. चालताना पाय उचलला जात नाही. कुबडी पुढे टेकायची, भार तिच्यावर घ्यायचा आणि कमरेपासून धडाला हिसका देऊन पाय ओढून आणायचा. जाडजूड गालिचा, गुळगुळीत फरशी, दारातला उंबरा यांपैकी प्रत्येक गोष्ट शत्रू.

हे ठाऊक असलं की बेलामीने काय केलंय ते कळतं. नाटकाच्या वेळीच तो पुनर्वसन केंद्रात जाऊन कॅलिपर, कुबड्या आणि चाकाची खुर्ची वापरायला शिकला होता, आणि त्यानंतर शेकडो प्रयोगांत ती सवय अंगात मुरली. खुर्चीतला वावर त्याने असा आत्मसात केलाय की एखाद्या वाक्याच्या मधोमध तो हाताने पाय उचलून दुसरीकडे ठेवतो आणि वाक्य तुटत नाही. असं करणारे नट थोडे. बहुतेकांना 'आता मी लुळा पाय उचलतोय' हे आपल्याला दाखवायचं असतं.

दोन प्रसंग मुद्दाम लक्ष देऊन बघण्यासारखे. एकात फ्रँकलिन घरच्यांना दाखवतो की तो जमिनीवरून सरपटायला शिकलाय. कारण साधं आहे: आग लागली आणि जवळ कोणी नसलं तर दारापर्यंत पोचता आलं पाहिजे. आगीची ही धास्ती रुझवेल्ट यांना आयुष्यभर होती. मोठा झालेला, खानदानी घरातला, टापटिपीत राहणारा माणूस बायकोसमोर आणि आईसमोर जमिनीवर रांगतो आणि वर तोंडाने विनोद करतो. इथे दिग्दर्शकाने संगीत वगैरे लावून रडवायचा मोह बराचसा आवरलाय. दुसऱ्यात तो एकटा असताना कुबड्यांवर उभा राहायला बघतो आणि पडतो. पडल्यावर मदतीला हाक न मारता परत खुर्चीत चढण्याची जी धडपड आहे, तिथे सिनेमा सर्वांत खरा झालाय. प्रत्यक्षातलं सर्वांत गाजलेलं पडणं घरात झालं नव्हतं. ऑक्टोबर १९२२ मध्ये ते वॉल स्ट्रीटजवळच्या आपल्या कचेरीत पहिल्यांदा गेले तेव्हा संगमरवरी फरशीवर कुबडी सटकली आणि भर गर्दीत ते आडवे झाले. ते हसत हसत बसते झाले आणि बघ्यांपैकी दोघांना म्हणाले, जरा उचला. हा प्रसंग सिनेमात असता तर शेवटच्या दहा पावलांतली भीती दुप्पट झाली असती. तिथे नुसतं पडणं नव्हे, चारचौघांत पडणं पणाला लागलेलं आहे, हे मग वेगळं सांगावं लागलं नसतं.

जिथे बेलामी कमी पडतो त्यात त्याचा दोष कमी. चित्रीकरणाच्या वेळी तो पंचावन्नच्या आसपास होता. एकोणचाळीस वर्षांचा रुझवेल्ट तो वाटत नाही. गार्सनही तेवढ्याच वयाची, आणि एलिनॉर तर तेव्हा छत्तिशीत होती. त्यामुळे ऐन भरात असलेल्या जोडप्यावर घाव पडलाय असं वाटण्याऐवजी उतारवयातल्या आजारपणाची छटा येते. दुसरं, पाय. वर्ष-दोन वर्षांत पोलिओग्रस्त पाय काटकुळे होतात; मांडीचा घेर जातो, पोटरी नळीसारखी दिसते, आणि हातांच्या कामामुळे छाती-खांदे रुंदावतात. बेलामीच्या पँटीत शेवटपर्यंत दोन भरदार पाय आहेत. नाटकात दहाव्या रांगेतून हे खपून जातं, टेक्निकलरच्या पडद्यावर खपत नाही.

ग्रीर गार्सनबद्दल मतभेद होणार. पुढे आलेले कृत्रिम दात, उंच पट्टीचा किंचित कापरा आवाज, मान पुढे घालून चालणं. पहिली वीस मिनिटं नक्कल वाटते. मग ती त्या आवाजाच्या आत शिरते. धाकट्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना मध्येच तिचा बांध फुटतो, तो प्रसंग वास्तवात घडलेला आहे आणि गार्सनने तो हातचं राखून केलाय. तिला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. लुई हाउच्या हाताखाली ती चारचौघांत बोलायला शिकते, ती उपकथा मुख्य कथेइतकीच मोलाची. नवरा घरात अडकल्यावर त्याचं नाव लोकांत खेळतं ठेवायची जबाबदारी हाउने या लाजऱ्या बाईवर टाकली, आणि त्यातून नंतरची एलिनॉर रुझवेल्ट घडली. सिनेमा हे ओझरतं दाखवतो. आणखी दहा मिनिटं दिली असती तर बिघडलं नसतं.

ह्यूम क्रोनिनचा लुई हाउ मात्र सिनेमा खिशात घालून जातो. दमेकरी, खुजा, चेहऱ्यावर वण असलेला, कपड्यांवर सिगारेटची राख सांडणारा हा माजी पत्रकार रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होणार याची खूणगाठ मनाशी बांधून बसलेला. स्वतःचा खोकला तो आजार म्हणून मिरवत नाही, बोलण्यातला स्वल्पविराम म्हणून वापरतो. फ्रँकलिनची कीव न करणारं घरात हे एकच माणूस, आणि म्हणून त्याच्याबरोबरचे प्रसंग हलके होतात.

आई सारा हिला (ॲन शूमेकर) खलनायिका करणं सोपं होतं. मुलाने हाइड पार्कच्या वाड्यावर परत यावं, टपालाची तिकिटं जमवावीत, बागबगीचा बघावा, आराम करावा, असं तिचं म्हणणं. आजारी मुलाच्या आईने असं म्हणण्यात वावगं काय? पटकथेने तिची बाजू प्रामाणिकपणे मांडलीय, आणि त्यामुळेच आई-मुलाचं भांडण दोन्हीकडून झोंबतं. हाउला घरात खोली दिल्यामुळे चिडलेली मुलगी ॲना, आजारी माणसाभोवती घराची नव्याने होणारी वाटणी, कोणाची खोली गेली, कोणाचं बोलणं तुटलं. हा भाग बारकाईने लिहिलाय. घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलं की पहिली भांडणं खोल्यांवरूनच होतात.

सिनेमाची मोठी चूक त्याच्या आनंदीपणात आहे. फ्रँकलिन इथे क्वचितच खचतो. खचला तरी पुढच्या दृश्यात विनोद करतो. खरी तीन वर्षं फार कंटाळवाणी आणि करडी होती. जानेवारी १९२२ मध्ये मांडीमागचे स्नायू आखडून गुडघे वाकडे होऊ लागले तेव्हा दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घातले गेले आणि गुडघ्यामागे रोज थोडी थोडी पाचर ठोकून ते सरळ केले गेले. पाय बधिर नव्हते, हे आठवा. नंतरचे हिवाळे त्यांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात बोटीवर, घरापासून लांब काढले. सोबत त्यांची सेक्रेटरी मिसी लहँड होती. दिवसचे दिवस दुपार होईपर्यंत ते खोलीबाहेर येत नसत, असं तिने नंतर सांगितलंय. या सिनेमात मिसी (जीन हेगन) आहे, पण बोटीवरच्या त्या सकाळी नाहीत. १९१८ साली रुझवेल्ट यांची प्रेयसी ल्यूसी मर्सर हिच्या पत्रांवरून मोडकळीला आलेला संसारही नाही. एलिनॉर १९६० साली हयात होत्या आणि ते प्रकरण लोकांसमोर यायला अजून काही वर्षं होती, त्यामुळे पटकथाकाराचे हात बांधलेले होते. पण ते माहीत असलेल्या आजच्या प्रेक्षकाला नवरा-बायकोमधलं गोडीगुलाबीचं बोलणं थोडं कोरडं लागतं.

इथे त्याच्याशेजारी दुसरा सिनेमा ठेवायला हवा. २००५ साली एचबीओने काढलेला 'वॉर्म स्प्रिंग्स'. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट, रुझवेल्ट म्हणजे केनेथ ब्रॅना, एलिनॉर म्हणजे सिंथिया निक्सन. सारा झालीय जेन अलेक्झांडर, जिने १९७६ साली टीव्हीवर एलिनॉर केली होती. सुनेची भूमिका करून तीस वर्षांनी तिने सासूची केली आणि एमी पुरस्कारही मिळवला. कॅम्पोबेलोवाला सिनेमा जिथे संपतो तिथून जेमतेम तीन महिन्यांनी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, रुझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्स या मोडक्या हॉटेलवजा ठिकाणी पोचले. साधारण ३१ अंश सेल्सिअसचं झऱ्याचं पाणी. थंडी न वाजता तासन् तास त्यात राहता येतं, आणि पाणी शरीराचा भार उचलत असल्याने जमिनीवर न हलणारा पाय तिथे थोडा हलतो. पाण्याने पोलिओ बरा होत नाही. उरलेल्या स्नायूंना काम मिळतं, एवढंच. १९२६ साली त्यांनी ती जागा विकत घेतली, त्यात स्वतःच्या मालमत्तेचा मोठा हिस्सा ओतला आणि पुनर्वसन केंद्र काढलं.

या नव्या सिनेमात ब्रॅनाचे पाय संगणकाच्या मदतीने काटकुळे केलेत, आणि त्याने पडणारा फरक थक्क करणारा आहे. बेलामीत जे पटत नाही ते इथे एका नजरेत पटतं. शिवाय इथे दुसरे रुग्ण आहेत. कॅम्पोबेलोत फ्रँकलिन एकटाच अपंग. त्याची लढाई घरच्यांशी आणि स्वतःशी. वॉर्म स्प्रिंग्समध्ये तो पहिल्यांदा आपल्यासारख्यांमध्ये बसतो आणि त्याच्या वरच्या थरातल्या सवयी गळून पडतात. भौतिकोपचार करणाऱ्या हेलेना महोनीच्या भूमिकेत कॅथी बेट्स आहे. तिचा ठाम, लाड न करणारा हात बघताना या व्यवसायातली माणसं माना डोलावतील. दोष म्हणावा तर हा सिनेमा फार गोड होतो, प्रत्येक प्रसंगाला प्रेरणेचा मुलामा देतो. आणि जुन्या दक्षिणेतलं ते केंद्र फक्त गोऱ्या रुग्णांसाठी होतं, कृष्णवर्णीय मुलांसाठी अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला वेगळं केंद्र १९४१ साली उघडावं लागलं, ही गोष्ट त्या ऊबदार पाण्यात विरघळून जाते. शुद्ध अभिनयासाठी कॅम्पोबेलो, शरीराच्या सत्यासाठी वॉर्म स्प्रिंग्स, असा माझा कौल. लुई हाउसाठी मात्र नक्कीच जुना.

परत दहा पावलांकडे. २६ जून १९२४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. न्यू यॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांचं नाव अध्यक्षपदासाठी सुचवायचं भाषण रुझवेल्ट यांनी करायचं. हाउ सिनेमात आधीच सांगून ठेवतो की ही दहा पावलं तुझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी असतील. प्रत्यक्षात अंतर सुमारे पंधरा फूट होतं. त्याची तयारी घरातल्या वाचनखोलीत जमिनीवर अंतर मोजून केलेली. सोळा वर्षांचा मुलगा जेम्स व्यासपीठापर्यंत सोबत होता. पुढचं एकट्याने, दोन कुबड्यांवर. निघण्याआधी रुझवेल्ट यांनी जवळच्या एका नेत्याला पोडियम हलवून बघायला सांगितलं, तो अंगाचा भार पेलेल का म्हणून. कारण वर सांगितलंच: पोडियम सरकला असता तर ते कमरेत मिटले असते. भाषणभर दोन्ही हात मेजाच्या कडांना गच्च धरलेले, हात हलवून अभिवादन करणं शक्य नव्हतं, म्हणून मान मागे टाकून हसायचं. ती मान मागे टाकण्याची लकब पुढे त्यांची ओळख झाली.

सिनेमातला हा शेवट डोनेह्यूने लांबवलाय आणि ते बरोबर केलंय. गर्दीचा आवाज हळूहळू थांबतो, कुबडीचं टोक लाकडावर आपटल्याचं ऐकू येतं, घाम दिसतो. खटकतं ते एवढंच की सिनेमा याला निखळ विजय मानतो. त्याच दिवसापासून जे नाटक सुरू झालं ते तो सांगत नाही. पुढे रुझवेल्ट यांनी कुबड्याही टाकल्या, कारण कुबड्यांमुळे माणूस अपंग दिसतो. एका हाताने मुलाचा दंड, दुसऱ्या हातात काठी आणि चेहऱ्यावर सहज गप्पा मारत चालल्याचा आव. बुटांजवळ पोलाद चमकू नये म्हणून कॅलिपर काळे रंगवले. चाकाच्या खुर्चीतले त्यांचे फोटो इतके दुर्मिळ आहेत की हाताच्या बोटांवर मोजावेत. वॉशिंग्टनमधल्या स्मारकात खुर्चीतला पुतळा बसवायलाही २००१ साल उजाडलं. आणि स्मिथ? १०३ फेऱ्यांच्या मतदानानंतर उमेदवारी मिळाली ती जॉन डेव्हिस यांना. ज्याच्यासाठी ती दहा पावलं टाकली तो हरला, आणि टाकणारा सगळ्यांच्या लक्षात राहिला. हाउला हे आधीच कळलं होतं की काय, असा संशय क्रोनिनच्या डोळ्यांत बघून येतो.

कोणी बघावा? भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही सिनेमे जरूर बघावेत: जुन्यात बसल्याचं उभं होणं आणि सरपटणं, नव्यात पाण्यातले व्यायाम. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्यांनी सारा आणि ॲनाचे प्रसंग. राजकारणात रस असलेल्यांनी हाउ आणि स्मिथ यांची बंद खोलीतली बोलणी. त्यात स्मिथ यांच्या कॅथलिक असण्याचा त्या काळी केवढा अडसर होता तेही येतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन बसायला हरकत नाही, फक्त पहिला भाग त्यांच्यासाठी लांबट आहे. नाटकी संवादांना एलिनॉरच्या बोलण्याची ढब जोडली जाते, म्हणून इंग्रजी सबटायटल सुरू ठेवावीत.

पूर्ण १४४ मिनिटं नसतील तर बेटावरून निघण्याचा प्रसंग, सरपटणं, एकट्याने पडणं, आईशी भांडण आणि शेवट एवढं बघा. शेवट बघताना चेहऱ्याकडे बघू नका. नजर कुबड्यांच्या टोकांवर ठेवा आणि पावलं मोजा.